कॉम्प्युटर ॲक्सेसरीज आणि ऑनलाइन टूल्स यांचे परीक्षण: प्रयोगशाळा नसताना काय मोजावे?

शोधयात्री (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

तंत्रज्ञानाची आवड असलेल्या आम्हा काही मित्रमैत्रिणींनी मिळून कॉम्प्युटरला लागणाऱ्या लहानसहान वस्तूंची आणि रोजच्या कामात उपयोगी पडणाऱ्या ऑनलाइन टूल्सची मराठीतून परीक्षणे लिहायचे ठरवले आहे. केबल, यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारे उपकरण), पेनड्राइव्ह, बाहेरून जोडायची एसएसडी (चिपवर साठवण करणारी वेगवान डिस्क), कीबोर्ड, माउस या वस्तू लॅपटॉपच्या मानाने किरकोळ समजल्या जातात आणि त्यामुळे त्यांच्याबद्दल जे लिहिले जाते तेही बहुधा वरवरचे असते. खोक्यावरचा मजकूर थोडा फिरवून लिहायचा, दोन छायाचित्रे जोडायची आणि पाचपैकी साडेचार तारे द्यायचे, असा प्रकार सर्रास दिसतो. वाचणाऱ्याला मात्र हवे असते ते वेगळेच. ही केबल माझ्या मॉनिटरला चालेल का, लॅपटॉप चार्ज होत असताना हा हब फाइल कॉपी करताना मध्येच दगा देणार नाही ना, अमुक एका साइटवर मी माझी कागदपत्रे निर्धास्तपणे चढवावीत का, या प्रश्नांची उत्तरे त्या ताऱ्यांत सापडत नाहीत.

आमच्याकडे महागडी मोजमापाची उपकरणे नाहीत. साधे लॅपटॉप, एक-दोन मॉनिटर आणि भरपूर चिकाटी एवढेच भांडवल आहे. अशा परिस्थितीत कोणत्या गोष्टी घरच्या घरी खात्रीने मोजता येतात, त्यासाठी कोणती मोफत सॉफ्टवेअर वापरावीत आणि आपण काढलेला आकडा दुसऱ्या कोणाला पडताळून पाहता यावा यासाठी परीक्षणात काय काय नोंदवावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. केवळ ‘वापरायला छान वाटले’ असे लिहिण्यात आम्हाला रस नाही.

विद्युल्लता

शोधयात्री, उपक्रम फार चांगला आहे. सुरुवात केबलपासून करा असे मी आग्रहाने सुचवीन, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. यूएसबी टाइप-सी हे २०१४ मध्ये आलेले नाव केवळ जोडणीच्या टोकाचे आहे; त्या २४ पिनांच्या टोकामागे केबलच्या आत किती तारा ओढलेल्या आहेत, हे त्या नावावरून अजिबात कळत नाही. दिसायला अगदी सारख्या असलेल्या दोन केबलींपैकी एक यूएसबी २.० च्या, म्हणजे २००० सालच्या, सेकंदाला ४८० मेगाबिट या वेगाने चालते आणि दुसरी ४० गिगाबिट पेलते. फोनसोबत मिळणारी केबल पुष्कळदा पहिल्या प्रकारची असते. ती चार्जिंगला उत्तम असते, पण तिने एसएसडी जोडली की लोक एसएसडीलाच नावे ठेवतात.

काळजीपूर्वक केलेल्या केबल-परीक्षणाचा किती परिणाम होऊ शकतो याचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. गूगलमधील अभियंते बेन्सन लिउंग यांनी २०१५ च्या अखेरीस बाजारातल्या टाइप-सी केबली स्वतः तपासून त्यांची परीक्षणे ॲमेझॉनवर लिहायला सुरुवात केली. जुन्या, चपट्या ए टोकाकडून सी टोकाकडे जाणाऱ्या केबलमध्ये किती करंट ओढावा हे फोनला कळवणारा ५६ किलोओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला रोध करणारा लहान भाग) असावा लागतो. त्या जागी १० किलोओहमचा बसवला, तर समोरून तीन अँपिअर मिळतील असा चुकीचा संकेत फोनला जातो आणि तो बिचाऱ्या जुन्या पोर्टमधून त्याच्या कुवतीबाहेरचा करंट ओढू पाहतो. अनेक केबलींत नेमका हाच दोष त्यांना आढळला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तर एका केबलमध्ये पॉवर आणि ग्राउंड या तारांची अदलाबदल झालेली निघाली आणि तपासणीसाठी वापरलेला त्यांचा लॅपटॉप निकामी झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये ॲमेझॉनने प्रमाणात न बसणाऱ्या टाइप-सी केबलींच्या विक्रीला मनाई केली. त्या परीक्षणांचे बळ त्यांच्या भाषेत नव्हते. कोणता रेझिस्टर, कोणती तार, कोणत्या उपकरणावर काय घडले, हे त्यांत स्पष्ट लिहिलेले असे.

तुमच्या हाताशी असलेल्या साधनांतही बरेच करता येईल. एखादी वेगवान एसएसडी त्या केबलने जोडा आणि प्रत्यक्षात जोडणी किती वेगाची झाली ते पाहा. विंडोजवर ‘यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर’ हे मोफत सॉफ्टवेअर ते दाखवते, मॅकवर सिस्टिम रिपोर्टमधल्या यूएसबी विभागात ते दिसते आणि लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा ‘टी’ या पर्यायासह दिली की प्रत्येक उपकरणासमोर ४८० एम, ५००० एम किंवा १०००० एम असा आकडा येतो. हा आकडा म्हणजे दोन्ही बाजूंनी आपसात ठरवलेला वेग होय. फाइल कॉपीचा वेग ही निराळी गोष्ट आहे आणि परीक्षणात दोन्ही वेगवेगळे नोंदवावेत. सेकंदाला १० गिगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला हजार मेगाबाइटच्या आसपासचा वेग मिळाला तर तो उत्तमच समजावा. गिगाबिट आणि गिगाबाइट यांतला आठपटींचा फरक वाचकाला दर वेळी उलगडून सांगितला तरी बिघडत नाही.

चार्जिंगच्या बाबतीत लक्षात ठेवायची मर्यादा ६० वॅटची आहे. तीन अँपिअरपर्यंत साधी केबल चालते. पाच अँपिअरसाठी केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची लहानशी चिप असावी लागते आणि ती असेल तरच चार्जर १०० वॅट किंवा २०२१ च्या प्रमाणानुसार २४० वॅटपर्यंत जातो. चार्जर आणि केबल यांच्यामध्ये लावायचा छोटा यूएसबी पॉवर मीटर घेतलात, तर व्होल्ट आणि अँपिअर समोर दिसतात. मात्र लॅपटॉपची बॅटरी भरत आली की तो आपणहून कमी वीज घेतो, म्हणून मोजणी बॅटरी बरीच उतरलेली असतानाच करावी आणि तेव्हा ती किती टक्के होती तेही लिहावे.

हबची परीक्षा एकेक पोर्ट तपासून होत नाही. सगळे एकदम जोडा: चार्जर, मॉनिटर, एसएसडी, नेटवर्कची केबल. हबमधले बहुतेक पोर्ट लॅपटॉपकडे जाणारी एकच वाट वाटून घेतात. मॉनिटरला चित्र पाठवण्याच्या जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ या प्रमाणावर बेतलेल्या हबमध्ये वेगवान यूएसबी आणि मॉनिटर एकाच वेळी चालवायचे, तर चित्रासाठी चारपैकी दोनच मार्गिका उरतात आणि फोर-के मॉनिटर सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रांवर येतो. माउसचा बाण सरकवला की तो अडखळत चालल्यासारखा दिसतो. ‘फोर-के चालते’ एवढेच लिहिणारे परीक्षण त्यामुळे निरुपयोगी ठरते, रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रे दाखवली जातात तो आकडा, लिहायलाच हवा. आणखी एक चाचणी मी कधीही चुकवत नाही. बिनमहत्त्वाच्या फाइली एसएसडीवर कॉपी होत असताना हबला लावलेला चार्जर उपसून काढायचा. काही हब अशा वेळी क्षणभर सगळीच उपकरणे तोडून पुन्हा जोडतात, मॉनिटर काळा होतो आणि कॉपी अर्धवट राहते. वीज गेली किंवा कोणाचा पाय वायरीत अडकला तर नेमके हेच घडते, आणि खोक्यावर याबद्दल अवाक्षरही नसते.

निरंतर

विद्युल्लता यांनी केबल आणि हब यांच्याबद्दल सविस्तर लिहिले आहेच, मी साठवणुकीच्या साधनांपुरते लिहितो.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांच्या बाबतीत वेग मोजण्याआधी क्षमता खरी आहे का ते तपासा. बनावट पेनड्राइव्हमधला कंट्रोलर (डेटाची ये-जा सांभाळणारा भाग) कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतो. आत चिप लहान असते आणि ती भरली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा नुसताच हरवतो. फाइलींची नावे मात्र यादीत जशीच्या तशी दिसत राहतात, त्यामुळे फसवणूक महिनोन्महिने कळत नाही. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्स व मॅकवर ‘एफथ्री’ ही मोफत सॉफ्टवेअर संपूर्ण जागा ठरावीक डेटाने भरतात आणि मग तो परत वाचून ताडून पाहतात. याला वेळ लागतो. सेकंदाला २० मेगाबाइट लिहिणारा १२८ जीबीचा पेनड्राइव्ह नुसता भरायलाच सुमारे पावणेदोन तास घेईल. तरीही ही तपासणी अर्धवट सोडू नये, कारण लबाडी असते ती शेवटच्या भागात. आणि विंडोजवर १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते म्हणून कोणी तिला बनावट ठरवू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

एसएसडीच्या परीक्षणांत सर्वत्र ‘क्रिस्टलडिस्कमार्क’ या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या निकालाचे चित्र टाकलेले दिसते. ते सॉफ्टवेअर चांगलेच आहे, पण मूळ मांडणीत ते फक्त १ जीबीच्या फाइलवर चाचणी घेते. बहुतेक एसएसडी आपल्या जागेचा काही भाग एसएलसी कॅशे म्हणून वापरतात. एरवी ज्या सेलमध्ये तीन किंवा चार बिट ठेवायचे त्यात तात्पुरता एकच बिट ठेवला की लिहिणे झपाट्याने होते. एक जीबीची चाचणी त्या कॅशेतच आटोपते, त्यामुळे आलेला आकडा खोटा नसला तरी तो डिस्कच्या सर्वात सुखाच्या क्षणाचा असतो. ज्याला तासाभराचे चित्रीकरण एकदम उतरवून घ्यायचे आहे त्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून शंभर-दोनशे जीबीच्या मोठ्या फाइली सलग कॉपी करा, दर मिनिटाला वेग टिपून ठेवा आणि वेग कोणत्या टप्प्यावर घसरला ते लिहा. काही क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट ठेवणाऱ्या) एसएसडी कॅशे संपल्यावर साध्या हार्ड डिस्कच्याही मागे पडतात. हीच चाचणी डिस्क तीन चतुर्थांश भरलेली असताना पुन्हा करावी, कारण रिकामी जागा कमी झाली की कॅशेही आकसतो.

परीक्षणात मॉडेलच्या नावाबरोबर फर्मवेअरची, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरची, आवृत्तीही लिहावी, ती ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’मध्ये दिसते. २०२१ मध्ये काही नामांकित कंपन्यांनी एसएसडीचे नाव तेच ठेवून आतली फ्लॅश मेमरी किंवा कंट्रोलर बदलल्याचे उघड झाले होते. नाव एक आणि वस्तू दोन, अशा स्थितीत तुमचे जुने परीक्षण नव्या ग्राहकाची दिशाभूल करू शकते.

शोधयात्री (धागाकर्ता)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चार्जर उपसून पाहण्याची चाचणी आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. ऑनलाइन टूल्सचे काय करावे? तिथे हातात घेऊन पाहण्यासारखे काहीच नसते; मग एखादी मोफत साइट विश्वासार्ह आहे असे आम्ही कशाच्या आधारावर लिहावे?

मुक्तस्रोत

इथेही मोजण्यासारखे बरेच आहे, आणि पहिली गोष्ट म्हणजे आपली फाइल आपल्या कॉम्प्युटरबाहेर जाते की नाही ही. चित्राचा आकार कमी करणारे ‘स्क्वूश’, चित्रसंपादनाचे ‘फोटोपी’ आणि डेटाची सांकेतिक रूपे बदलून देणारे, ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेने २०१६ मध्ये खुले केलेले ‘सायबरशेफ’ ही टूल्स एकदा पान उघडले की आपले काम ब्राउझरमध्येच करतात, फाइल कुठे पाठवत नाहीत. याउलट फाइलचा प्रकार बदलून देणाऱ्या अनेक साइट्स ती आधी स्वतःच्या सर्व्हरवर चढवून घेतात. साइटवर ‘आम्ही आपल्या खासगीपणाची काळजी घेतो’ असे वाक्य दोन्हीकडे सापडते, म्हणून वाक्यावर विसंबू नका, तपासा.

ब्राउझरची खासगी खिडकी उघडून त्यात ते टूल पूर्ण उघडू द्या, मग इंटरनेट बंद करा आणि एखादी बिनमहत्त्वाची फाइल देऊन पाहा. काम झाले, तर ते तुमच्याच कॉम्प्युटरवर झाले. निष्कर्ष लिहून ठेवा आणि इंटरनेट पुन्हा सुरू करण्याआधी ती खिडकी बंद करा, कारण जोडणी परत आल्यावर साठवलेले काही पाठवणारी पानेही लिहिता येतात. ज्यांना अधिक खोलात जायचे आहे त्यांनी इंटरनेट चालू ठेवून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क हा टॅब उघडावा आणि पाच मेगाबाइटची फाइल दिल्यावर साधारण तेवढीच मोठी विनंती बाहेर जाताना दिसते का ते पाहावे. तुमच्या परीक्षणात ‘अमुक तारखेला, अमुक ब्राउझरमध्ये, इंटरनेट बंद असताना टूल चालले’ एवढे एक वाक्य असले तरी ते दहा विशेषणांपेक्षा मोलाचे आहे. तारीख आवश्यकच आहे, कारण वस्तू विकत घेतल्यावर तशीच राहते, पण साइट रातोरात बदलू शकते किंवा दुसऱ्या मालकाकडे जाऊ शकते.

फाइल-बदलाच्या साइट्सबद्दल विशेष सावध राहावे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने इशारा दिला होता की, असे मोफत कन्व्हर्टर मागितलेले काम खरोखर करून देतात आणि त्याच फाइलसोबत घातक सॉफ्टवेअरही पाठवू शकतात, शिवाय चढवलेल्या कागदपत्रांतून ओळखीचे तपशील आणि पासवर्ड उचलू शकतात. काम झाले म्हणजे साइट चांगली, हा निष्कर्ष म्हणूनच पुरेसा नाही. फाइलचा प्रकार बदलण्यासाठी लिब्रेऑफिससारखे आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारे सॉफ्टवेअर असेल, तर परीक्षणात तो पर्याय आवर्जून सुचवावा.

काही टूल्स मात्र डेटा बाहेर पाठवल्याशिवाय चालूच शकत नाहीत, आणि तिथे तो कसा पाठवला जातो ते समजावून सांगणे हेच परीक्षकाचे काम ठरते. ‘व्हायरसटोटल’ संशयित फाइल अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून एकाच वेळी तपासून देते. २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गूगलच्या मालकीची आहे आणि ती फार उपयुक्त आहे. पण तिथे चढवलेल्या फाइली सुरक्षा क्षेत्रातल्या इतर संस्थांनाही उपलब्ध होतात, त्यामुळे डाउनलोड केलेला इन्स्टॉलर तिथे तपासावा, स्वतःचा करारनामा कधीही चढवू नये. फाइल न चढवता तिचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) शोधण्याची सोयही तिथे आहे. दुसरे उदाहरण सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’चे. आपला पासवर्ड आधी कुठे फुटला आहे का हे तिथे पाहताना तो पासवर्ड साइटकडे जातच नाही; ब्राउझर एसएचए-१ या पद्धतीने त्याचा हॅश काढतो, त्यातली पहिली पाच अक्षरे तेवढी पाठवतो, त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे सगळे फुटलेले हॅश परत येतात आणि जुळणी आपल्याच कॉम्प्युटरवर होते. मला ही रचना अतिशय आवडते, आणि मराठी वाचकाला ती नीट समजावून सांगणारे परीक्षण तुम्ही लिहिलेत तर मी ते दहा जणांना पाठवीन.

कळफलक

वरच्या सर्व प्रतिसादांशी सहमत आहे, पण कीबोर्डच्या बाबतीत थोडा वेगळा सूर लावतो. मोजता येते तेवढेच खरे, असे धरून चाललात तर कीबोर्डचे परीक्षण कोरडे आणि अपुरे होईल. एखादे बटण किती मिलिमीटर दाबल्यावर उमटते हे कंपनी सांगतेच. स्पेसबारचा खडखडाट, सलग लिहिल्यावर मनगटांवर येणारा ताण, इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत शिफ्ट धरून जोडाक्षरे काढताना करंगळीची होणारी ओढाताण, हे फक्त रोजच्या वापरातूनच कळते. निदान काही आठवडे वापरल्याशिवाय कीबोर्डवर मत देऊ नये. मात्र ते मत देणाऱ्याने आपण आधी कोणता कीबोर्ड वापरत होतो आणि रोज साधारण किती लिहितो, हे सांगितले पाहिजे, म्हणजे वाचकाला ते आपल्याशी ताडून पाहता येते.

ऑनलाइन चाचण्यांच्या मर्यादाही तुमच्या लिखाणात याव्यात. कीबोर्ड तपासणाऱ्या साइटवर एफएन हे बटण उमटले नाही म्हणून ते बिघडले असे होत नाही. बहुतेक कीबोर्डांत ते आतल्या आतच हाताळले जाते आणि ब्राउझरपर्यंत पोहोचतच नाही. माउसचा पोलिंग रेट (तो सेकंदाला किती वेळा आपली हालचाल कळवतो) दाखवणाऱ्या पानांचेही तसेच आहे. क्रोम ब्राउझर २०१७ पासून माउसच्या हालचाली स्क्रीनच्या रिफ्रेशशी जुळवून एकत्र देतो, त्यामुळे साध्या पद्धतीने लिहिलेले पान ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर हजार हर्ट्झचा माउसही साठच्या आसपास दाखवील. त्यात माउसचा काही दोष नाही.

वायरलेस माउस अडखळतो अशी तक्रार आली तर त्याचा रिसीव्हर कुठे लावला आहे ते आधी पाहा. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि केबलमधून होणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक सविस्तर टिपण प्रसिद्ध केले होते. चालू असलेल्या एसएसडीच्या अगदी शेजारी रिसीव्हर लावून आणि मग तोच एका छोट्या एक्स्टेंशन केबलने दूर नेऊन, अशा दोन्ही रीतींनी माउस वापरून पाहावा. फरक डोळ्यांना दिसतो.

शोधयात्री (धागाकर्ता)

कळफलक, इनस्क्रिप्टचा मुद्दा अगदी मनापासून पटला. इतर भाषांतल्या परीक्षणांत तो कधीच सापडणार नाही. एक शेवटची शंका आहे. पुढेमागे एखाद्या कंपनीने तपासण्यासाठी वस्तू फुकट देऊ केली, तर ती घ्यावी का?

विद्युल्लता

घेऊ नये असे मी म्हणणार नाही, पण परीक्षणाच्या पहिल्याच परिच्छेदात तसे स्पष्ट लिहावे, तळटीपेत नव्हे. वस्तू परत करायची आहे की ठेवून घ्यायची आहे, प्रसिद्धीपूर्वी मजकूर कंपनीला दाखवला का, हेही त्यातच यावे. मजकूर आधी दाखवण्याची अट असेल तर नकार द्यावा. कंपनीकडून आलेला नमुना निवडून पाठवलेला असू शकतो, ही त्यातली खरी मेख आहे. ‘आरटिंग्ज’ ही परीक्षणांची साइट याच कारणाने वस्तू स्वतः विकत घेऊन तपासते. तुम्हाला प्रत्येक वेळी ते जमणार नाही, पण केबल आणि पेनड्राइव्ह यांच्या बाबतीत सहज जमेल, कारण त्या वस्तू तुमच्यापैकी कोणी ना कोणी स्वतःसाठी घेतच असतो. आधी त्यांचीच परीक्षणे लिहा, आणि चाचणीची कच्ची आकडेवारी मजकुराखाली जोडत चला; माझ्याकडच्या केबलींवर तीच चाचणी करून मीही माझे आकडे तिथे टाकीन.